ट्रकला किती जाड ऑईल घालायचं? बादली घ्यायच्या आधी हे सगळं बघा

उन्हाळा लागला की ट्रकवाल्यांच्या प्रत्येक अड्ड्यावर हा विषय निघतोच. कुणी म्हणतं गरमीत पातळ ऑईल टिकत नाही, जाड घाल, कुणी म्हणतं गाडी जुनी झालीय आता २०डब्ल्यू-५० शिवाय पर्याय नाही, आणि दुकानदार तर कपाटात जे जास्त पडून आहे तेच पुढं करतो. आमच्या घरात आबांच्या काळापासून गाड्या आहेत, आता मी बघतो, आणि या एका चुकीपायी आम्ही एक अख्खं इंजिन घालवलंय म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी तेच सांगतो. आमच्याकडे एक जुना डंपर होता, खडी क्रशरवर चालायचा. इंजिन गरम झालं की आयडलला ऑईलची लाईट फडफडायला लागली. फिटर म्हणाला बेअरिंग जरा ढिलं झालंय, जाड ऑईल घालू, लाईट जाईल. २०डब्ल्यू-५० घातलं आणि लाईट खरंच गेली. सगळे निश्चिंत. पाच महिन्यांनी भरलेली गाडी घाट चढताना इंजिनातून ठोक यायला लागला, ड्रायव्हरने बाजूला घेईपर्यंत बिग एंडचं (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं) बेअरिंग फिरलं होतं आणि क्रँक खराब झाला होता. लाईट फडफडत होती तेव्हाच चेंबर (इंजिनखालची ऑईलची टाकी) उतरवून बेअरिंग सेट आणि ऑईल पंप बदलला असता तर दोन-तीन दिवसांचं काम होतं. जाड ऑईलने आजार बरा केला नाही, फक्त लाईट बंद केली.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो, ऑईलची जाडी इंजिन बनवणारा ठरवतो, बाहेरचं ऊन नाही आणि आपली बोटं तर अजिबात नाहीत.

बादलीवरचे आकडे नीट वाचा

१५डब्ल्यू-४० यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीतला आणि नंतरचा आकडा इंजिन गरम झाल्यावरचा. १५डब्ल्यूच्या ऑईलची क्रँक फिरवायची चाचणी उणे २० अंशाला होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला, ५डब्ल्यूची उणे ३० ला आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला. म्हणजे हा आकडा जितका लहान तितकं ऑईल थंडीत लवकर वर चढतं.

दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या जाडीवरून येतो, एकक सेंटिस्टोक. ३० नंबरचं ऑईल ९.३ ते १२.५ च्या मध्ये, ४० नंबरचं १२.५ ते १६.३, ५० नंबरचं १६.३ ते २१.९. ही एक रेंज आहे. १२.६ वालं पण ४० नंबरच आणि १६.२ वालं पण ४० नंबरच, त्यामुळे दोन कंपन्यांचं १५डब्ल्यू-४० हाताला थोडं वेगळं लागलं तर त्यात भेसळ आहे असं लगेच समजू नका.

आता बोटांची गोष्ट. दुकानात मे महिन्यात दुपारी ऑईल चिमटीत घेऊन तार ओढून बघतात ना, तेव्हा ते ऑईल असतं ४० अंशाच्या आसपास. त्या तापमानाला १५डब्ल्यू-४० साधारण ११० सेंटिस्टोकचं असतं आणि २०डब्ल्यू-५० साधारण १६५ चं, मोठा फरक वाटतो. तेच १०० अंशाला नेलं की पहिलं १४-१५ वर येतं आणि दुसरं १८ च्या आसपास. इंजिनचं काम सगळं त्या गरम जाडीवर चालतं, आणि ती बोटाने कळत नाही, कारण १०० अंशाच्या ऑईलमध्ये कुणी बोट घालत नाही.

एक गल्लत डंपरवाल्यांकडून फार होते. गिअर ऑईलवर ९० लिहिलेलं असतं, हायड्रॉलिकच्या ऑईलवर ६८, आणि माणूस म्हणतो ६८ म्हणजे ४० पेक्षा जाड. तिन्हींची मोजपट्टी वेगवेगळी आहे. हायड्रॉलिकचा ६८ हा ४० अंशाला मोजलेला असतो, म्हणजे तेच ११० वालं आपलं इंजिन ऑईल त्याच्यापेक्षा बरंच जाड आहे. आणि ९० नंबरचं गिअर ऑईल १०० अंशाला १३.५ ते १८.५ मध्ये बसतं, म्हणजे जाडीने इंजिनच्या ४०-५० च्या जवळपासच. जाडी जवळपास असली तरी आतली केमिकलं पूर्ण वेगळी असतात, म्हणून एकाच्या जागी दुसरं कधीच ओतायचं नाही.

पहिलं काम: गाडी कुठल्या बीएसची आहे आणि मॅन्युअल काय म्हणतं

आरसी बुक काढा, वर्ष बघा. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचे सरकारी नियम. देशभर बीएस-४ लागू झालं १ एप्रिल २०१७ ला आणि बीएस-६ लागू झालं १ एप्रिल २०२० ला. मग गाडीसोबत आलेलं पुस्तक काढा. सेकंडहँड घेतली असेल आणि पुस्तक नसेल तर चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या डीलरच्या सर्व्हिस काउंटरवर जा, ऑईलची ग्रेड विचारा आणि शक्य असेल तर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं दोन महिन्यांनी कुणाला आठवत नाही.

पुस्तकात दोन गोष्टी शोधायच्या, जाडी आणि परफॉर्मन्स ग्रेड, म्हणजे बादलीवरची सीआय-४ प्लस, सीके-४ अशी अक्षरं. आपल्याकडच्या बऱ्याच मध्यम आणि मोठ्या डिझेल ट्रकना वर्षानुवर्षं १५डब्ल्यू-४० सांगितलेलं आहे, कमिन्सची ५.९ लिटरची बी सीरीज पण त्यातलीच. नव्या बीएस-६ गाड्यांत काहींना १०डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-३० दिलेलं दिसतं, आणि इथंच लोक घाबरतात की एवढं पातळ ऑईल २८ टनाला कसं पुरणार.

पुरतं, आणि का पुरतं ते समजून घ्या. बेअरिंगमध्ये क्रँक आणि शेल यांच्यात ऑईलचा जो पातळ पापुद्रा असतो तिथं तापमान खूप चढतं आणि ऑईल जोरात घासलं जातं. ती परिस्थिती धरून १५० अंशाला एक वेगळी चाचणी होते. त्यात १५डब्ल्यू-४० ला कमीत कमी ३.७ लागतात (एकक मिलिपास्कल-सेकंद), आणि सीके-४ ग्रेडच्या १०डब्ल्यू-३० ला कमीत कमी ३.५. म्हणजे जिथं खरी झीज होते तिथं दोघांत फार अंतर नाही. पण हे हेवी ड्युटी डिझेलच्या ऑईलबद्दल बोलतोय. पेट्रोल कारचं १०डब्ल्यू-३० त्याच चाचणीत २.९ लाच पास होतं, त्यामुळे घरच्या कारचं उरलेलं ऑईल ट्रकमध्ये टॉपअपला टाकू नका, वर नंबर सारखा असला तरी.

बादलीवर एफए-४ लिहिलेलं दिसलं तर थांबा. ते मुद्दाम डिझेल वाचवायला पातळ केलेलं ऑईल आहे, त्याची मर्यादा २.९ ते ३.२ आहे, ज्या इंजिनाच्या पुस्तकात स्पष्ट एफए-४ चालतं लिहिलंय तिथंच ते घालायचं. जुन्या इंजिनाला ते चालत नाही.

दुसरं: रूट कुठला आहे

आपली गाडी महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात अशी फिरत असेल तर डब्ल्यूच्या आधीच्या आकड्याची फार काळजी करू नका. निफाडला थंडीत पारा ४-५ अंशावर आला तरी १५डब्ल्यूला ते काहीच नाही. द्राक्ष-डाळिंब घेऊन जानेवारीत दिल्लीच्या आझादपूर मंडीत पहाटे ३-४ अंशात गाडी उभी राहिली तरी १५डब्ल्यू व्यवस्थित चालतं. २०डब्ल्यू पण स्टार्ट होईल, पण ऑईल वर हेडपर्यंत आणि टर्बोपर्यंत जायला जास्त वेळ लागेल, आणि ते पहिले काही सेकंदच टर्बोला मारतात.

सफरचंदासाठी काश्मीरला जाणाऱ्यांनी मात्र विचार करायचा. श्रीनगरला चिल्लई कलानच्या चाळीस दिवसांत, म्हणजे २१ डिसेंबरपासून जानेवारी संपेपर्यंत, रात्री पारा शून्याखाली ५-६ पर्यंत जातो, तिथंपर्यंत १५डब्ल्यू निभावतं. द्रास-कारगिलच्या बाजूला उणे २० च्या खाली जातं, तिकडं नेहमी थंडीत जायचं असेल तर १०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू, तेही पुस्तकातल्या तापमानाच्या तक्त्यात बघूनच. त्या तक्त्यात आडव्या पट्ट्या काढलेल्या असतात, कुठल्या तापमानापासून कुठवर कुठली ग्रेड, ते पान मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

उन्हाळ्याचं काय? चंद्रपूरला ४६ अंश असले तरी थर्मोस्टॅट इंजिनचं पाणी साधारण ८० ते ९५ अंशांतच धरून ठेवतो आणि महाबळेश्वरला १० अंश असले तरी तेवढंच ठेवतो. चेंबरमधलं ऑईल चालत्या गाडीत ९०-११० च्या आसपास राहतं. म्हणजे बाहेर ३० अंशाचा फरक पडला तरी आत ऑईलला तेवढा कळतच नाही. उन्हाळ्यात ऑईल जास्त तापतंय असं वाटलं तर ऑईल बदलायच्या आधी रेडिएटरची जाळी धुवा, फॅन बेल्ट बघा, कूलंट बघा. उसाच्या पाचटाचा भुसा आणि धूळ बसून निम्मं रेडिएटर बंद झालेल्या गाड्या मी बघितल्यात आणि मालक मात्र जाड ऑईल शोधत फिरत असतो.

तिसरं: गाडी काय काम करते

हायवेवर टॉप गिअरला एकसारखी पळणारी गाडी ऑईलला सगळ्यात सोपी. खंबाटकी, कसारा, कुंभार्ली असे घाट रोज भरून चढणारी गाडी, खाणीतला डंपर, ट्रान्झिट मिक्सर, किंवा कारखान्याच्या यार्डात उसाच्या रांगेत तासन्‌तास चालू उभी असणारी गाडी, यांचं ऑईल लवकर मरतं. पण इथं पण उपाय जाडी वाढवणं नाही, ऑईल लवकर बदलणं आहे. उभ्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत पण काजळी आणि कच्चं डिझेल ऑईलमध्ये जात राहतं. मी स्वतः आयडलचा एक तास म्हणजे ४० किलोमीटर धरतो आणि तेवढे हिशेबात मिळवतो. हा माझा अंदाज आहे, पुस्तकात तासांवर चेंज दिला असेल तर तोच पाळा.

पुस्तकातच जड कामासाठी, सतत गरम हवेसाठी ५० नंबर चालतो असं लिहिलं असेल तर जरूर घाला, त्यात वाद नाही. पुस्तक म्हणतं म्हणून घालणं आणि कुणीतरी म्हणतं म्हणून घालणं यात फरक आहे.

चौथं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: इंजिनची तब्येत मोजा

जुनी गाडी असेल तर ग्रेड ठरवायच्या आधी हे करायचंच. डॅशबोर्डच्या काट्यावर आणि लाईटवर विश्वास ठेवू नका, सेन्सर खोटं बोलतो. फिटरकडं हाताचं प्रेशर गेज असतं, सेन्सर काढून त्या जागी ते लावायला सांगा. गाडी अर्धा-पाऊण तास चालवून पूर्ण गरम करा, मग आयडलला एक रीडिंग आणि रेस देऊन एक रीडिंग. थंड इंजिनचं रीडिंग घेऊ नका, तेव्हा सगळीच इंजिनं धडधाकट दिसतात.

उदाहरण म्हणून कमिन्सचं ५.९ बी सीरीज धरा, गरम असताना आयडलला कमीत कमी १० पीएसआय, म्हणजे आपल्या भाषेत पाऊण किलोला थोडं कमी, आणि पूर्ण आरपीएमला ३० पीएसआय, म्हणजे साधारण दोन किलो. तुमच्या इंजिनचा आकडा डीलरकडून घ्या. आकडा त्याच्या वर असेल तर आहे ती ग्रेड चालू ठेवा. खाली असेल तर क्रमाने बघत जा: ऑईलची लेव्हल, मग फिल्टर, मग चेंबरमधली जाळी चोंदलीय का, रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय का, ऑईल पंप, आणि शेवटी बेअरिंग.

जाड ऑईलने काटा का वर चढतो ते बघा. प्रेशर म्हणजे ऑईलला जायला होणारा अडथळा. ऑईल जाड केलं की अडथळा वाढतो, काटा वर जातो, पण बेअरिंगपर्यंत पोचणारं ऑईल त्या हिशेबात वाढत नाही, उलट कमी होऊ शकतं. बेअरिंगला गारवा देतं ते वाहणारं ऑईल, काट्यावरचा आकडा नाही. वर थंड इंजिनात जाड ऑईलने प्रेशर जास्त झालं की रिलीफ व्हॉल्व्ह उघडून ऑईल परत चेंबरमध्ये सोडतो, आणि फिल्टरमधून ते जाऊ शकलं नाही की बायपास उघडून न गाळलेलंच पुढं जातं. रोज सकाळी हेच होत राहतं.

इंजिन ऑईल खात असेल तर पण तेच. निळा धूर, टॉपअप वाढलाय, तर आधी टर्बोचं सील, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) किती धूर येतो ते, आणि चेंबरखाली सांडतंय का ते बघा. रिंग-लायनर गेलेत असं पक्कं झालं आणि सीझन मध्यावर आहे, गाडी सोडता येत नाही, तर पुस्तकात चालत असेल तर एक पायरी वर जाऊन दोन-तीन महिने ढकलता येतात, हे मी नाकारत नाही. पण ती मुदत आहे हे लक्षात ठेवून कामाची तारीख आत्ताच वहीत लिहा. आम्ही ती लिहिली नव्हती.

उलट प्रकार पण असतो. ऑईल मोजायची पट्टी काढली आणि लेव्हल आपोआप वाढलेली दिसली, ऑईलला डिझेलचा वास येतोय, तर इंजेक्टर किंवा पंपातून डिझेल आत उतरतंय. बीएस-६ गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ करायची रीजनरेशन, म्हणजे त्यातली काजळी जाळून टाकणं, वारंवार अर्धवट राहिली तरी असं होतं. अशा वेळी ४० नंबरचं ऑईल ४० राहीलच असं नाही, पातळ होऊन ३० च्या खाली पण जाऊ शकतं. जाड ऑईल ओतून ते भरून निघत नाही, गळती शोधा.

ऑईल काळं झालं म्हणून मात्र घाबरू नका. डिझेल इंजिनात ऑईल काजळी स्वतःत धरून ठेवतं म्हणून काळं होतं, ते त्याचं कामच आहे. दुधासारखं पांढरट झालं तर पाणी गेलंय, गाडी लगेच बंद करा.

पाचवं: जाडीबरोबर दुसरी ग्रेड

सीएच-४, सीआय-४ प्लस, सीके-४ ही अक्षरं जाडीइतकीच महत्त्वाची. बीएस-६ ट्रकच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ असतो. ऑईल जळून जी राख होते ती त्यात अडकते आणि काजळीसारखी जळून जात नाही. म्हणून सीके-४ मध्ये राखेचं प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवलेलं असतं. जुनं सीआय-४ प्लस १५डब्ल्यू-४० जाडीला बरोबर असलं तरी बीएस-६ मध्ये घातलं तर डीपीएफ लवकर भरतो आणि त्याचा खर्च ऑईलमधल्या बचतीच्या कितीतरी पट आहे. बीएस-३ आणि बीएस-४ वाल्यांना सीआय-४ प्लस साधारण पुरतं, सीके-४ घातलं तरी चालतं, कारण आता पंपावर मिळणारं सगळं डिझेल १० पीपीएम गंधकाचंच आहे.

खरेदी आणि चेंज

सुटं ऑईल घेऊ नका. सील बघा, बॅच आणि महिना बघा, कंपनीचा क्यूआर किंवा स्क्रॅच कोड असेल तर दुकानातच तपासा, आणि रिकामी बादली भंगारात देताना झाकण आणि लेबल फोडून द्या, कारण त्याच बादल्या परत भरून येतात. बिल घ्याच, इंजिनच्या वॉरंटीत गाडी असेल तर ते बिल लागतं.

ऑईल गरम असताना काढायचं, पण उकळतं नको, हात भाजतो. पंधरा-वीस मिनिटं पूर्ण निथळू द्या. ड्रेन बोल्टला चिकटलेला चुरा बघा, बारीक काळसर पेस्ट चालते, चमकणारे तांब्याच्या रंगाचे कण दिसले तर फिटरला दाखवल्याशिवाय नवीन ऑईल घालू नका. फिल्टर प्रत्येक वेळी नवा. पुस्तकात दिलेल्या लिटरपेक्षा दोन लिटर कमी घालून पट्टीने वर आणत जा, जास्त झालं तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि फेस बेअरिंगला वाचवत नाही. स्टार्ट केल्यावर लाईट जाईपर्यंत रेस देऊ नका, बंद करून दहा मिनिटांनी सपाट जागेवर परत पट्टी बघा.

आधी चुकून २०डब्ल्यू-५० चालत आलंय आणि आता पुस्तकातल्या १५डब्ल्यू-४० वर यायचंय तर फ्लशिंग वगैरे काही लागत नाही, जुनं नीट निथळवा, नवीन घाला आणि पहिले ५०० किलोमीटर रोज सकाळी पट्टी बघा, गरम झाल्यावर आयडलचा काटा बघा. रस्त्यात टॉपअपची वेळ आली आणि आपली कंपनी मिळाली नाही तर दुसऱ्या कंपनीचं चालेल, पण जाडी आणि अक्षरं दोन्ही तीच हवीत.

दोन-चारच्या वर गाड्या असतील तर चेंजच्या वेळी काढलेल्या ऑईलचा नमुना लॅबला पाठवत जा, मोठ्या ऑईल कंपन्यांचे प्रतिनिधी ही सोय करून देतात. नमुना ऑईल काढताना धारेच्या मध्यातून घ्यायचा, सुरुवातीचा गाळ नको. रिपोर्टमध्ये १०० अंशाची जाडी बघा, नवीन असताना १४-१५ होती ती १२.५ च्या खाली आली असेल तर बहुतेक डिझेल मिसळतंय, खूप वर गेली असेल तर काजळी किंवा चेंज लांबलाय. सिलिकॉन वाढलं तर एअर क्लीनरमधून धूळ जातेय. शिसं आणि तांबं वाढत चाललं तर बेअरिंग. आमच्या सध्याच्या एका दहा-चाकीचं शिसं गेल्या दोन रिपोर्टमध्ये वाढलेलं दिसलं म्हणून चेंबर उघडलं, मेन बेअरिंगच्या शेलवर नुकतेच ओरखडे उठायला लागले होते, क्रँक शाबूत होता. शेल बदलले, तेच १५डब्ल्यू-४० परत घातलं, तिसऱ्या दिवशी गाडी भरायला गेली.